भिंत का पडली, हे कोण सांगणार?

(‘घर, कागद आणि बाई’ या एक दिवसाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी काही वक्ता नव्हे. चौतीस वर्षं एका सर्वसाधारण विमा कंपनीत नोकरी केली, त्यातली बहुतेक दाव्यांच्या विभागात. लोकांच्या नुकसानीचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. आगीचे, पुराचे, चोरीचे. शिबिराच्या मैत्रिणींनी मला सांगितलं, ‘घराच्या विम्यावर बोला, पण कंपनीचं माहितीपत्रक वाचून दाखवू नका.’ तेव्हा मी ठरवलं, की माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासूनच सुरुवात करायची.

२६ जुलै २००५ ची गोष्ट. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईचे हाल सगळ्यांना आठवतात, पण उल्हास नदीच्या काठाला कल्याण, बदलापूर भागातही घरंच्या घरं पाण्यात होती. पुढचे चार महिने आमच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत एक बाई आली. तिचं नाव मी सांगणार नाही. दोन खोल्यांचं बैठं घर, बांधून पाचेक वर्षं झालेली. घरासाठी पतपेढीचं कर्ज काढलेलं आणि त्या कर्जापोटी पतपेढीनंच विमा उतरवायला लावलेला. घर नवऱ्याच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर, पॉलिसीही नवऱ्याच्या नावावर. नवरा मात्र दोन वर्षांपासून दुसरीकडे संसार थाटून राहिलेला. हप्ते ही भरत होती, ब्लाउज शिवून. पुराचं पाणी छातीपर्यंत चढलं, रात्रभर तसंच राहिलं आणि मागची भिंत आडवी झाली. शिलाई मशीन त्या भिंतीखालीच गेलं.

आम्ही तिला पहिली गोष्ट कुठली सांगितली असेल? ‘पॉलिसीधारकाची सही आणा.’ नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. त्या सहीसाठी ती नवऱ्याच्या दुसऱ्या घराच्या दारात जाऊन उभी राहिली. सही आणली. मग सर्व्हेअर जाऊन आला. त्याच्या अहवालात एक ओळ होती : पाया उथळ, सिमेंटचं प्रमाण कमी, नुकसान निकृष्ट बांधकामामुळे. त्या ओळीवरून मी पत्र तयार केलं. ‘सदर नुकसान सदोष कारागिरी व सदोष साहित्यामुळे झालेले असल्याने पॉलिसीतील अपवादानुसार दावा देय नाही. कळावे.’ वर पत्ता घातला ‘श्रीयुत’ अमुक अमुक. सही साहेबांची होती, पण शब्द माझे होते. ती पत्र घ्यायला आली, माझ्यासमोर बसून तिनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे पूर आलाच नव्हता का?’ मी म्हटलं, ‘ताई, नियमात बसत नाही.’

सहा वर्षांनी, २०११ मध्ये, नव्यानं लागलेल्या मुलामुलींना पॉलिसी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. शिकवायचं म्हणून मी ते कलम पहिल्यांदा सावकाश, ओळीनं वाचलं. आणि माझ्या पोटात गोळा आला.

आता थोडं तांत्रिक बोलते, पण कंटाळू नका, कारण सगळं पाणी इथंच मुरतं. घराचा विमा म्हणजे ‘घराला काहीही झालं तरी पैसे’ असा करार नसतो. त्यात संकटांची यादी असते. आग, वीज कोसळणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणं, जमीन खचणं, दरड कोसळणं वगैरे. यादीतल्या संकटानं नुकसान झालं तर भरपाई, नाहीतर नाही. आणि प्रत्येक संकटापुढे त्याचे स्वतःचे अपवाद लिहिलेले असतात. सदोष रचना, सदोष कारागिरी, सदोष साहित्य हे शब्द त्या पॉलिसीत होते, अगदी होते. पण ते ‘जमीन खचणं आणि दरड कोसळणं’ या संकटाच्या खाली होते. पुराच्या कलमाखाली ते नव्हतेच. म्हणजे जमीन खचली आणि त्यामागे वाईट बांधकाम असेल, तर तो अपवाद लागू. पूर आला आणि भिंत पडली, तर तो अपवाद तिथे आणून बसवायचा आम्हाला काही अधिकार नव्हता. मी एका खोलीतली चौकट काढून दुसऱ्या खोलीला लावली होती. माझ्या साहेबांनी ते तपासलं नाही. तिच्या बाजूनं तपासणारं तर कोणीच नव्हतं.

आज ती जुनी पॉलिसी नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणानं सगळ्या कंपन्यांना घरासाठी एक ठरावीक पॉलिसी द्यायला लावली, तिचं नाव ‘भारत गृह रक्षा’. पण मांडणी तीच आहे. सदोष बांधकामाचा अपवाद अजूनही जमीन खचण्याच्या कलमाखालीच आहे. म्हणून तुमच्यापैकी कोणाला ‘बांधकाम सदोष, सबब दावा नामंजूर’ असं पत्र आलं, तर पहिला प्रश्न हा विचारायचा : हा अपवाद पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली आहे, त्याचा क्रमांक सांगा. लेखी सांगा.

मी इथं विमा कंपनीला खलनायक ठरवायला आलेली नाही. कंपनीची बाजूही नीट समजून घेऊ. समजा पूर नाही, वादळ नाही, काही नाही, आणि एका दुपारी लोखंड गंजून स्लॅबचा तुकडा खाली आला. त्याचे पैसे विम्यातून मिळत नाहीत. वर्षानुवर्षं झिरपणारी ओल, गिलावा सुटणं, नव्या घराला पहिल्या दोन वर्षांत पडणाऱ्या बारीक भेगा, हे विम्याचं काम नव्हे. विमा अचानक आलेल्या संकटाचा असतो. घर आधीच आजारी होतं आणि आपल्या आजारानंच गेलं, तर ती जबाबदारी बांधणाऱ्याची. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली, सोळा माणसं गेली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. अशा ठिकाणी घराच्या विम्याची पॉलिसी हे उत्तर नाही. तिथे प्रश्न नकाशा मंजूर करणाऱ्याला, बांधणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला विचारायचा असतो.

पण बहुतेक भांडणं अशी स्वच्छ नसतात. पूरही आलेला असतो आणि भिंतही कच्ची असते. दोन्ही खरं असतं. तेव्हा प्रश्न असा : नुकसानीचं परिणामकारक कारण कोणतं? पाणी आलं नसतं तर ती भिंत त्या रात्री पडली असती का? पाच वर्षं उभी होती ना? आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. संकट यादीतलं आहे आणि त्यानं नुकसान झालं, एवढं आपण दाखवायचं. पण ‘अपवाद लागू होतो’ असं कंपनीला म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. आणि सर्व्हेअरचा अहवाल हा काही ब्रह्मवाक्य नसतो, तो अंतिम शब्द नव्हे, हे तर त्याच न्यायालयानं २००९ मध्येच सांगून ठेवलं आहे. माझ्या टेबलावर आम्ही तो ब्रह्मवाक्यच मानत होतो.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या भाचीची. ती आणि तिची सासू, दोघीच राहतात. दोघींनी मिळून पुण्याच्या बाहेर नव्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर घर घेतलं. ताबा मिळून तिसरं वर्ष. एका वादळी पावसात गच्चीवरची कठड्याची भिंत तिच्या बाल्कनीवर कोसळली, बाल्कनीचं छत आणि आतल्या खोलीची खिडकी गेली. तिनं बिल्डरला लिहिलं. विमा कंपनीलाही लिहिलं. दोन्ही उत्तरं एकाच आठवड्यात आली. बिल्डर म्हणाला, ‘अतिवृष्टी व वादळ ही नैसर्गिक आपत्ती असल्याने आमची जबाबदारी येत नाही, कृपया आपल्या विमा कंपनीशी संपर्क साधावा.’ विमा कंपनी म्हणाली, ‘कठड्याचे बांधकाम सदोष असल्याने कृपया विकासकाशी संपर्क साधावा.’ भाची ती दोन्ही पत्रं घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मावशी, यातलं खोटं कोण बोलतंय?’

मी तिला म्हटलं, दोघंही थोडं खरं बोलताहेत आणि त्यातूनच दोघंही सुटताहेत. घर पडतं ते या दोन पत्रांच्या मधल्या जागेत. पण ही दोन पत्रं म्हणजे तुझं नुकसान नव्हे, तुझं भांडवल आहे. एकाचं पत्र दुसऱ्याच्या तोंडावर ठेव. वादळानं नुकसान झालं असं खुद्द बांधणारा लेखी कबूल करतो, ते पत्र विमा कंपनीला जोड. बांधकाम सदोष आहे असं कंपनीचा तांत्रिक माणूस लेखी सांगतो, ते पत्र बिल्डरविरुद्धच्या तक्रारीला जोड.

बिल्डरसाठी कायदा असा आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेत, कारागिरीत किंवा दर्जात दोष दिसला आणि तो लक्षात आणून दिला, तर बिल्डरनं तीस दिवसांत एक पैसाही न घेता तो दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर भरपाई मागता येते. ‘लक्षात आणून दिला’ हे शब्द फार महत्त्वाचे. साईटवरच्या सुपरवायझरला जिन्यात गाठून सांगितलं, याला पुरावा नसतो. पत्र, ई-मेल, रजिस्टर पोस्टाची पावती हवी. आणि पाच वर्षं मोजायची ती आपल्या ताब्याच्या पत्रावरच्या तारखेपासून. ती तारीख किती जणींना पाठ आहे?

आणि विमा कंपनीसाठी उत्तर असं आहे. वादळ हे यादीतलं संकट आहे. चूक बिल्डरची आहे असं कंपनीला वाटत असेल, तर तिनं आधी आपल्याला पैसे द्यावेत आणि मग आपल्या जागी उभं राहून ते बिल्डरकडून वसूल करावेत. विम्याच्या कायद्यात याची सोय आहे, त्याला ‘सब्रोगेशन’ म्हणतात. आमच्या कचेरीत मालवाहतुकीच्या दाव्यांत हे रोज चालायचं. ट्रक कंपनीच्या चुकीनं माल भिजला, तर आम्ही व्यापाऱ्याला पैसे द्यायचो आणि ट्रक कंपनीच्या मागे लागायचो. व्यापाऱ्याला ‘तूच जाऊन भांड’ असं कोणी म्हणत नसे. घर भिजलेल्या बाईला मात्र सहज म्हटलं जायचं. भाचीला साडेआठ महिने लागले, पण विम्याचे पैसे मिळाले आणि बिल्डरनं कठडा नव्यानं बांधून दिला. सगळे मिळाले असं नाही. तिनं बाल्कनी बंद करून खोलीत घेतली होती, तेवढा भाग वगळला गेला. विमा घेतल्यानंतर घराचं चटईक्षेत्र दहा टक्क्यांहून जास्त वाढवलं आणि जादा हप्ता भरून कळवलं नाही, तर त्या वाढीव भागाची भरपाई मिळत नाही. हेही पॉलिसीत छापलेलं असतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आज स्त्रियांच्या मेळाव्यात मी विटा-सिमेंट आणि कलमं का घेऊन बसले आहे?

कारण या सगळ्या भांडणाचा गाभा एकच आहे : भिंत का पडली? जो हे पहिल्यांदा कागदावर लिहितो, त्याचंच पुढे चालतं. सर्व्हेअर लिहितो, बिल्डरचा इंजिनियर लिहितो, तलाठी पंचनाम्यात लिहितो. आणि जिला खरं माहीत असतं, ती बाजूला चहा करत उभी असते. पाणी आधी कुठून आलं, भेग दिवाळीच्या आधी होती की नंतर आली, कुठल्या कोपऱ्यातले डबे दर पावसाळ्यात हलवावे लागत होते आणि कुठला कोपरा ठणठणीत कोरडा होता, हे घरात कोणाला माहीत असतं? दिवसाचे बारा तास त्या भिंतींच्या आत जी असते तिला. पण सर्व्हेअर दारात येऊन विचारतो, ‘घरात कोणी पुरुष माणूस आहे का?’ मी स्वतः सर्व्हेअरांबरोबर गेले आहे, मी हे ऐकलं आहे. आणि नवरा पुढे येतो, जो नुकसान झालं त्या वेळी कामावर असतो, आणि म्हणतो, ‘हो साहेब, जुनीच भेग होती.’ झालं! दावा तिथंच संपला.

दुसरं, नावाचं. १९९४ च्या राज्य महिला धोरणापासून आपण घरावर बाईचं नाव लागावं म्हणून बोलत आलो. २०२१ मध्ये महाराष्ट्रात स्त्रीच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली. त्यामुळे बऱ्याच घरांवर बाईचं नाव आलं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मी अशा कितीतरी मालकिणी पाहिल्या, ज्यांना आपलं खरेदीखत कुठल्या कपाटात आहे ते माहीत नाही. विम्याची पॉलिसी तर पाहिलेलीच नसते. कर्ज देणाऱ्या बँकेनं हप्त्यात धरून विमा काढलेला असतो, त्यात ‘बँक क्लॉज’ असतो, म्हणजे भरपाई आधी बँकेकडे जाते. बाईला हे समजतं ते भिंत पडल्यावर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं नवऱ्याच्या नावावरच्या घरातही राहायचा हक्क दिला. पण त्या घराची भिंत पडली तर ती बांधायचे पैसे कोणाच्या हाती येणार? ज्याचं नाव पॉलिसीवर आहे त्याच्या. म्हणून पॉलिसी दोघांच्या नावानं करून घ्या. घर आपल्या नावावर नसेल तर निदान घरातल्या सामानाचा विमा स्वतःच्या नावानं घ्या. शिवणकाम, खानावळीचे डबे असं काही घरात करत असाल तर प्रस्तावात ते स्पष्ट लिहा. लपवलेलं नंतर आपल्याच अंगावर येतं.

विमा किती रकमेचा, याबद्दलही घोळ असतो. काहीजणी घराचा बाजारभाव सांगतात. जमीन पडत नाही, पडतं ते बांधकाम. म्हणून आता रक्कम ठरवायची ती चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा आजचा दर, अशी. घराच्या बांधकामाचा विमा असेल तर त्याच्या वीस टक्के, पण जास्तीत जास्त दहा लाख, इतकं घरगुती सामान आपोआप धरलं जातं. दागिन्यांचं वेगळं सांगावं लागतं.

आता, संकट आल्यावर काय करायचं? इथे मला आपल्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे. पाणी ओसरलं की आपण आधी काय घेतो हातात? झाडू. चिखल काढतो, भिंती धुतो, पडलेल्या विटा एका बाजूला रचून ठेवतो. पाहुण्यांसमोर घर विस्कटलेलं दिसू नये अशी आपल्याला शिकवणच आहे. आणि सर्व्हेअर येईपर्यंत पुरावा नालीतून वाहून गेलेला असतो. मैत्रिणींनो, त्या दिवशी झाडू थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी फोटो काढा. पाणी भिंतीवर जिथवर चढलं ती रेघ, पडलेल्या विटा, भिजलेलं सामान, सगळ्याचे. पोराबाळांना धोका असेल ते अर्थातच आधी हलवा, पण फोटो काढून. मग कंपनीला त्याच दिवशी कळवा. उशीर झाला तरी गप्प बसू नका. नुसत्या उशिराच्या कारणानं खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये, असं नियामकानं २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. तलाठ्याचा किंवा नगरपालिकेचा पंचनामा करून घ्या, आणि तो वाचल्याशिवाय सही करू नका. त्यात ‘घर जुने व मोडकळीस आलेले’ असं लिहिलं असेल आणि ते खरं नसेल तर तिथंच थांबवा.

सर्व्हेअर येईल तेव्हा घरातल्या पुरुषांना आत बसवा आणि तुम्ही पुढे या. तो काय मोजतो ते बघा. आपलं म्हणणं एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या आणि प्रतीवर पोच घ्या. त्याच्या अहवालाची प्रत मागा, ती मागायचा आपल्याला हक्क आहे. कमी पैसे देऊन ‘पूर्ण व अंतिम समाधान’ अशा छापील पावतीवर सही मागतात. गरज असते, आपण सही करतो. तरी हातपाय गाळू नका. नुसत्या तशा सहीनं जास्त मागायचा ग्राहकाचा हक्क जात नाही, असं नियामकानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

नकार आला तर पायऱ्या अशा. आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आहे, पुण्यात आहे. नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील लागत नाही, आपणच बोलायचं. पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. आपल्या घराचा हप्ता त्याच्या कितीतरी आतच असतो. आणि कंपनी सरकारी असेल तर माहितीचा अधिकार आहेच. माझ्या टेबलावर माहिती अधिकाराचा पहिला अर्ज आला तेव्हा साहेब खुर्चीतून उठले होते.

न्यायालयं अगदी आपल्या विरुद्धच असतात असं नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका दुकानाचं प्रकरण होतं. दुकान तळघरात, कंपनीनं ते पाहून विमा दिला, हप्ता घेतला, आणि आग लागल्यावर म्हणाली की पॉलिसीत तळघर वगळलेलं आहे. न्यायालयानं म्हटलं, करार करण्याचा हेतूच जे कलम संपवून टाकतं, ते असं ग्राहकावर लादता येणार नाही. विमा देताना घर पाहायचं नाही, आणि पैसे द्यायची वेळ आली की पाया उकरायचा, या वृत्तीला हे उत्तर आहे.

एक शेवटची सूचना, अगदी घरगुती. दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितो ना? तिथंच घराचाही लिहा. ‘१४ जून, मोरीच्या भिंतीला भेग, बोटभर.’ ‘३ जुलै, बिल्डरला पत्र.’ तीन शब्द पुरे. आणि मोबाइलनं फोटो. वर्षभरानं कोणी म्हणालं, ‘जुनीच भेग आहे,’ तर आपण म्हणू शकू, ‘नाही, ही पाहा तारीख.’

आता त्या बाईचं सांगते आणि थांबते. २०१२ मध्ये मी फाईल काढली, तिचा पत्ता शोधला. घर पतपेढीनं कर्जापोटी घेतलं होतं. ती स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत होती, एका दुकानात शिवणाच्या कामाला. मी तिला सांगितलं, ‘ताई, ते पत्र चुकीचं होतं. मी चुकीचं लिहिलं. तुम्हाला पैसे मिळायला हवे होते.’ ग्राहक मंचात जायची दोन वर्षांची मुदत केव्हाच टळली होती, तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला शिव्या देईल. तिनं मशीनवरचा पाय काढला नाही. म्हणाली, ‘तेव्हा मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. भिंतीला काही झालं नव्हतं, पाणी आधी आलं.’

एवढीच साक्ष हवी होती. सात वर्षं ती तिच्याजवळ होती आणि माझ्या फाईलमध्ये तिच्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती. मी तिला ते पैसे परत मिळवून देऊ शकले नाही. म्हणून निवृत्त झाल्यापासून जिथे बोलावतील तिथे जाऊन हे सांगते. आज घरी गेल्यावर एवढं करा. विम्याची पॉलिसी आणि ताब्याचं पत्र शोधून काढा. त्यावर नाव कोणाचं आहे ते पाहा, तारीख पाहा. सापडलं नाही तर घरात विचारा. ‘तुला काय करायचंय?’ असं कोणी म्हणालं, तर सांगा, की भिंत पडते तेव्हा आत मी असते.